मुद्दाम चुकवलेली अक्षरे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला आठवीपासून इंग्रजी शिकवले. घरी व शाळेत मराठी, बाजारात व कचेरीत कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी, अशा तीन लिप्यांशी झुंजणाऱ्या बेळगावच्या मुलांना त्यांतली इंग्रजीच सर्वांत जाचक वाटे. बाकीच्या दोन जशा उच्चाराव्यात तशा पुष्कळ अंशी लिहिता येतात. इंग्रजीचे तसे नाही. एकदा निबंधात मी ‘क्वालिटी’ हा शब्द क्यू-यूऐवजी के-डब्ल्यू घालून लिहिला. गुरुजींनी त्याभोवती तांबडे वर्तुळ काढले. मी धिटाईने म्हणालो, “सर, मुंबईच्या सहलीत एका मोठ्या हॉटेलाच्या पाटीवर मी असेच पाहिले आहे.” वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, “त्या पाटीवाल्याला खरे स्पेलिंग ठाऊक आहे. तुला आहे काय?”

मला नव्हते. अर्धा गुण गेला तो गेलाच.

पुढे व्यापारशास्त्र शिकण्यात व शिकवण्यात माझे आयुष्य गेले. मालाची नावे कशी ठेवतात, ती ग्राहकाच्या मनात कशी रुजतात, याविषयी बरेच वाचले. परंतु या सगळ्या वाचनाचे मर्म गुरुजींच्या त्या एका प्रश्नात आधीच सांगून झाले होते, असे मला आज वाटते. अजाणता झालेली चूक आणि जाणूनबुजून केलेली चूक कागदावर अगदी सारखी दिसते. वाचणारा त्यांत भेद करतो तो लिहिणाऱ्याच्या मनाविषयी काही तर्क बांधून. याला ठाऊक होते की नव्हते? ठाऊक असेल तर याने असे का केले? मुद्दाम बिघडवलेल्या स्पेलिंगचे नाव दुकानात समोर आले, की ग्राहकाच्या मनात नकळत हाच प्रश्न उठतो, आणि त्याला मिळणाऱ्या उत्तरावर त्या नावाचे नशीब अवलंबून असते.

व्यापारी असे करतो तरी का, हे प्रथम पाहू. सामान्य समज असा की, हा केवळ नखरा आहे. नखरा आहेच, पण त्यामागे एक जुने कायदेशीर कारण आहे. व्यापारचिन्हाच्या कायद्याचे जवळजवळ सर्व देशांतले एक तत्त्व असे, की मालाचे केवळ वर्णन करणारा शब्द कोणा एका व्यापाऱ्याला आपल्या मालकीचा करता येत नाही. तुपाला ‘शुद्ध’ म्हणण्याचा हक्क सर्व तूपवाल्यांचा आहे. आपल्याकडील १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा, जो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला, त्याच्या नवव्या कलमातही हेच तत्त्व आहे. दीर्घ वापराने त्या शब्दाला स्वतंत्र ओळख मिळाली असेल तर गोष्ट निराळी. मग व्यापारी काय करतो? शब्द तोच ठेवतो आणि त्यातले एखादे अक्षर बदलतो. कानाला वर्णन ऐकू यावे आणि निबंधकाच्या वहीत मात्र तो नवा शब्द ठरावा, अशी ही युक्ती आहे.

न्यायालयांनी ही युक्ती फार पूर्वी ओळखली. इंग्लंडमध्ये १९०९ साली कापडाच्या एका नावावरून खटला झाला. ते नाव ‘ऑर्लवूला’. इंग्रजीत ‘ऑल वूल’, म्हणजे निव्वळ लोकर, या शब्दांचेच ते वेडेवाकडे लिहिलेले रूप. अपील न्यायालयापुढील युक्तिवाद मला आजही तर्कशास्त्राच्या पुस्तकात घालण्याजोगा वाटतो. माल खरोखर लोकरीचा असेल तर हे नाव निव्वळ वर्णन आहे, म्हणून नोंदता येत नाही. माल लोकरीचा नसेल तर हे नाव फसवे आहे, म्हणूनही नोंदता येत नाही. दोन्ही दारे बंद! त्यानंतर दोनच वर्षांनी, १९११ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे ‘रुबरॉइड’ हे छतावर घालण्याच्या आच्छादनाचे नाव आले. ‘रबर’मधला एक बी गाळून ते बनवले होते. न्यायालयाने किंचित उपरोधाने सुचवले की, अशुद्ध लेखन अजून इतके दुर्मीळ झालेले नाही, की एखादे अक्षर चुकल्याने त्या शब्दाचा मूळ अर्थच लोकांच्या ध्यानी येऊ नये. भारतातही २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे खाद्यतेलाविषयी असाच वाद झाला. मॅरिको कंपनीच्या नावे ‘लोसॉर्ब’ हे चिन्ह नोंदलेले होते. तिने ‘लो अ‍ॅब्सॉर्ब’ हे शब्द वापरणाऱ्या अ‍ॅग्रो टेक फूड्स या कंपनीविरुद्ध दाद मागितली. तेल कमी शोषले जाते एवढेच सांगणाऱ्या शब्दांत थोडा फेरफार करून त्यांवर मक्तेदारी मिळवता येणार नाही, अशी न्यायालयाची भूमिका राहिली.

कायद्याने पुरेसे संरक्षण मिळत नसतानाही ही प्रथा थांबली नाही, कारण तोवर तिची फॅशन झाली होती. १९२५ साली नेब्रास्का विद्यापीठातील इंग्रजीच्या प्राध्यापिका लुईझ पाउंड यांनी ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात जाहिरातींतल्या ‘के’ या अक्षराच्या वेडावर एक टिपण लिहिले. ‘सी’ किंवा ‘क्यू’ला हुसकावून जिथेतिथे ‘के’ बसवण्याची लाट तेव्हा आली होती. १९२४ सालचे ‘क्लीनेक्स’ आणि १९३७ सालचे ‘क्रिस्पी क्रीम’ ही त्याच काळातली अपत्ये. ‘कोडॅक’चे उदाहरण पुष्कळदा याच यादीत दिले जाते, ते मात्र चूक आहे. जॉर्ज ईस्टमन यांना ‘के’ आवडत असे हे खरे. पण १८८८ साली त्यांनी घडवलेला तो शब्द कोऱ्या पाटीवर लिहिलेला होता. ज्याचे शुद्ध रूपच नाही ते अशुद्ध कसे होणार?

आपल्याकडे ‘क्वालिटी’, पार्लेचे १९७२ मधले ‘क्रॅकजॅक’ बिस्किट, ‘फेविक्विक’ ही सारी त्या ‘के’चीच लेकरे. आणि कोका-कोला भारतातून गेल्यावर १९७७ मध्ये आलेले ‘थम्स अप’? त्यातला ‘बी’ गळालेला आहे. अंगठ्याच्या इंग्रजी शब्दात तो मुका ‘बी’ असतो. आज या सभागृहात बसलेल्या किती जणांनी ती बाटली हातात असताना तो ‘बी’ शोधला असेल? इंग्रजीचा शिक्षक वगळता कोणी शोधला असेल असे मला वाटत नाही.

गेल्या पाव शतकात या प्रथेला एक नवे कारण मिळाले. संगणकाच्या जाळ्यावर प्रत्येक नावाचा पत्ता एकच असू शकतो, आणि कोशातले बहुतेक सोपे शब्द इतरांनी आधीच घेऊन ठेवलेले असतात. म्हणून छायाचित्रांच्या ‘फ्लिकर’ने २००४ साली शेवटच्या ‘आर’आधीचा ‘ई’ टाकून दिला. ‘ट्विटर’ तर २००६ मध्ये प्रथम एकही स्वर नसलेल्या पाच व्यंजनांच्या नावाने जन्माला आले, मग स्वर परत आले, आणि २०२३ मध्ये सगळे नावच पुसून तिथे एकच अक्षर उरले. भाड्याच्या मोटारींच्या ‘लिफ्ट’ने २०१२ मध्ये ‘आय’च्या जागी ‘वाय’ घातला. थोडक्यात, पूर्वी निबंधकासाठी अक्षर चुकवत, आता पत्त्यासाठी चुकवतात.

आता ग्राहकाकडे वळू. जाहिरातदारांचा जुना विश्वास असा, की चुकलेले अक्षर डोळ्याला अडवते, अडलेला डोळा थांबतो, आणि थांबलेले लक्षात राहते. हे निराधार नाही. आपण ओळखीचे शब्द एकेक अक्षर जुळवत वाचत नाही, तर चेहऱ्यासारखे एका दृष्टिक्षेपात ओळखतो. चेहऱ्यावर डाग दिसला की नजर थबकते. परंतु लक्षात राहणे आणि आवडणे यांत अंतर आहे. वर्गातला व्रात्य मुलगाही शिक्षकांच्या लक्षात राहतो.

१९९४ साली मारियन फ्रीस्टॅड आणि पीटर राइट या दोन अभ्यासकांनी एक विचार मांडला, जो या विषयात पायाभूत मानला जातो. ग्राहक वयाबरोबर मालाविषयी शिकतो, तसाच विक्रेत्याच्या डावपेचांविषयीही शिकत जातो. ‘हा मला पटवू पाहतो आहे’ हे एकदा जाणवले की, तीच वस्तू, तेच शब्द, तीच किंमत त्याला निराळी दिसू लागते. आपल्या आजीला हे शास्त्र अवगत होते. फेरीवाला फार गोड बोलू लागला की ती पदर सावरून आत जाई.

या विचाराच्या आधारे जॉन कॉस्टेलो, जेसी वॉकर आणि रिबेका वॉकर रेचेक यांनी नेमका आपला प्रश्न तपासला. त्यांचा निबंध २०२३ साली ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये आला. उच्चार एकच, पण एकदा शुद्ध आणि एकदा मुद्दाम बिघडवलेले स्पेलिंग, अशी नवख्या मालाची नावे त्यांनी ग्राहकांपुढे ठेवली. निष्कर्ष जाहिरातदारांच्या समजुतीला धक्का देणारा निघाला. बिघडवलेल्या नावाच्या अनोळखी मालाकडे लोकांचा ओढा कमी होता. कारण विचारता, त्या नावात त्यांना विक्रीचा डाव दिसला आणि म्हणून तो मालवाला कमी प्रामाणिक वाटला. मला त्याहून उद्बोधक वाटले ते या नियमाचे अपवाद. नावाची निवड निर्मळ हेतूने झाली आहे असे ग्राहकाला कळले, तर नापसंती ओसरते. तसेच ग्राहक काही आगळा, आठवणीत राहणारा अनुभव शोधायला निघालेला असेल, तरीही वेडेवाकडे नाव त्याला खटकत नाही. म्हणजे सहलीला गेल्यावर जी पाटी गमतीची वाटते, तीच औषधाच्या दुकानावर असती तर आपण पुढचे दुकान गाठले असते. आणि हे सगळे नवख्या मालाविषयी. ‘क्वालिटी’ किंवा ‘थम्स अप’ यांच्या बाबतीत इतक्या वर्षांच्या सहवासाने चुकीचेच रूप आपले झाले आहे. उद्या त्यांनी ते दुरुस्त केले तर उलट आपल्यालाच बनावट मालाचा संशय येईल.

मात्र हा अभ्यास अमेरिकेतला आहे, आणि तो जसाच्या तसा आपल्या बाजारपेठेत आणून बसवण्याची घाई मी करणार नाही. कारण आपण नाव एका लिपीत वाचत नाही. खडेबाजारातून किंवा गणपत गल्लीतून चालताना पाट्या पाहा. एकाच दुकानाचे नाव कन्नड, देवनागरी आणि रोमन अशा तीन वेषांत उभे असते. रोमन लिपीत ‘सी’च्या जागी ‘के’ घातला असेल तो असो. देवनागरीत ‘क’ आणि कन्नडातही ‘क’च. व्यापाऱ्याने पैसे मोजून विकत घेतलेली चूक आपल्या लिपीच्या उंबरठ्यावर गळून पडते. ‘थम्स अप’ देवनागरीत लिहा. मुका ‘बी’ असो वा नसो, मराठी रूप एकच. ज्या वाचकाची पहिली लिपी देवनागरी वा कन्नड आहे, त्याच्यापुरती ती चूक घडलेलीच नसते. त्याला ना गंमत दिसते, ना डाव.

याची उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. मराठीत मुद्दाम अशुद्ध लिहिलेले मालाचे नाव जवळजवळ का आढळत नाही? उच्चार तोच ठेवून लेखन बदलायला मराठीत जागाच थोडी: ऱ्हस्व-दीर्घ आणि श-ष, एवढीच. साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ मध्ये मान्य झाले, तरी ‘दुध’, ‘नविन’, ‘पीठाची गिरणी’ या पाट्या आजही दिसतात. पण त्या पाहून ‘हा दुकानदार भलताच चतुर’ असे कोणी म्हणत नाही. आपण सरळ म्हणतो, रंगाऱ्याला येत नव्हते. आणि, गंमत अशी, की त्याबद्दल दूधवाल्यावर अविश्वासही दाखवत नाही. अजाणतेपणाला बाजार क्षमा करतो. इंग्रजी बिघडवण्याला जे मोल आहे, ते मराठीत बोलीतले रूप पाटीवर आणण्याला आहे. मिसळीच्या दुकानावर ‘लई भारी’ लिहिलेले असते, ते मराठीचे ‘के-डब्ल्यू’ समजावे. तिथेही पुन्हा गुरुजींचा प्रश्न लागू पडतो. पाटीमागचा माणूस खरोखर तसे बोलणारा असेल तर आपण खूश होतो. काचेच्या दारामागून विलायती सुरात ‘लई भारी’ ऐकू आले की मिसळ अळणी लागते.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे, जे परदेशी अभ्यासकांच्या ध्यानीमनीही नसेल. पाटीवर एखादे अक्षर दोनदा आले, शेवटी एक ‘ए’ जास्तीचा लागला, तर आपला ग्राहक जाहिरातबाजीचा संशय घेत नाही. तो शांतपणे समजतो, की मालकाने अंकज्योतिषाला विचारून नाव ‘जुळवून’ घेतले आहे. या समजुतीवर माझी श्रद्धा नाही, पण ग्राहकाच्या दृष्टीने ती एक निरुपद्रवी उत्तरपत्रिका आहे: याने चूक मला फसवायला केलेली नाही, स्वतःच्या भल्यासाठी केली आहे.

आतापर्यंत बोललो ते दिसावी म्हणून केलेल्या चुकीविषयी. आता जी बोलणार आहे ती न दिसावी म्हणून केलेली असते. नावाजलेल्या छापाचे एखादे अक्षर बदलायचे, वेष्टनाचा रंग तोच ठेवायचा, आणि घाईतला किंवा अर्धशिक्षित ग्राहक ओळखीचा चेहरा पाहून फसेल याची वाट पाहायची. पहिल्या प्रकारात व्यापारी ग्राहकाच्या अक्षरज्ञानावर विसंबतो, दुसऱ्यात त्याच्या अज्ञानावर.

माझी आई केवळ देवनागरी वाचू शके. कपडे धुण्याच्या वडीची तिची एक ठरलेली छाप होती, आणि ती तिला रंगावरून व पहिल्या इंग्रजी अक्षराच्या आकारावरून ओळखत असे. एका आठवडी बाजारात तिने तशीच वडी घेतली. दुसऱ्या दिवशी फेस आला नाही आणि हाताची आग झाली ती संध्याकाळपर्यंत राहिली. मी कॉलेजात होतो. वेष्टन पाहताच मला मधले बदललेले अक्षर दिसले. ते तिला दाखवले तेव्हा तिने कागद उजेडात धरून पुष्कळ वेळ पाहिला आणि विचारले, “यात चुकलंय कुठं, ते बोट ठेवून दाखव बघू.” मी बोट ठेवले. तरीही तिला ते दिसले असे मला वाटले नाही. वेष्टनावर देवनागरीचे एक अक्षरही नव्हते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा ग्राहकाचा विचार केला आहे, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. १९६२ मध्ये ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या वादात न्यायालयाने कसोटी मानली ती सामान्य बुद्धीच्या, अंधूक आठवणीवर माल घेणाऱ्या माणसाची. असा माणूस नावाची व्युत्पत्ती पाहत बसत नाही. एकूण ध्वनी आणि एकूण ठसा यांवर तो चालतो. १९६९ साली ‘रस्टन’ आणि ‘रुस्तम’ या यंत्रांच्या नावांचा निकाल लागला. कोशाच्या दृष्टीने एक इंग्रजी आडनाव, दुसरा इराणी वीर. परंतु कानाला दोन्ही इतकी जवळची की न्यायालयाने ती भ्रामक साम्याची ठरवली, आणि पुढे ‘इंडिया’ जोडल्याने तो दोष जात नाही असेही म्हटले. २००१ मधल्या कॅडिला कंपन्यांच्या वादात मलेरियावरील दोन औषधांची नावे होती, ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’. तेव्हा न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, ज्या देशात सर्वांची एक भाषा नाही आणि पुष्कळांना वाचता येत नाही, तेथे परदेशातील कसोट्या जशाच्या तशा लावता येणार नाहीत, आणि औषधांच्या बाबतीत तर अधिक कडक राहिले पाहिजे. साबणाने हात भाजतो. चुकलेल्या गोळीने काय होईल ते सांगायला नको.

म्हणून इंग्रजीचे शिक्षक आजही वर्गात स्पेलिंगसाठी अर्धा गुण कापतात, तेव्हा माझी सहानुभूती विद्यार्थ्याकडे असली तरी मत शिक्षकांकडे जाते. खरे रूप ठाऊक असणाऱ्यालाच बिघडवलेले रूप ओळखता येते. गमतीने बिघडवलेले असो वा दगा देण्यासाठी.

गेल्या वर्षी याच शाळेचा एक माजी विद्यार्थी टिळकवाडीत बेकरी काढणार होता. नाव इंग्रजी ठेवायचे ठरले होते. त्यातल्या ‘सी’ला ‘के’ करावे की नाही, एवढेच विचारायला तो आला. मी त्याला वरील सगळा पाठ ऐकवला. नवखे दुकान, रोज खाण्याचा पाव, तिथे डाव दिसता कामा नये. शुद्ध लिही, म्हटले. त्याने ऐकून घेतले आणि अखेरीस ‘के’च घातला, कारण ‘सी’चा पत्ता संगणकावर आधीच कोणाचा तरी होता. मी पाटी पाहायला गेलो. रोमन अक्षरांत ‘के’ ठळक लाल रंगात होता, कन्नडात आणि देवनागरीत नाव नेहमीसारखे सरळ. गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या एका बाईंना मी विचारले, की हे नाव तुम्हांला कसे वाटते. त्यांनी वर पाटीकडे पाहिलेही नाही. त्या म्हणाल्या, “नाव काय ते ठाऊक नाही बघा. आम्ही कोपऱ्यावरची बेकरी म्हणतो.”